फ्रीझर बॉक्स कोल्हापुरात होता : फ्रिज बनवणाऱ्या कंपन्यांना निपाणीहून खुलं पत्र

प्रति,
फ्रिज व इतर घरगुती उपकरणं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक यांस,

प्रत माहितीसाठी : ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार

स.न.वि.वि.

२००१ सालच्या दिवाळीत घेतलेला आमचा १६५ लिटरचा, एका दाराचा फ्रिज गेल्या महिन्यात आम्हाला स्वयंपाकघरातून बाहेर काढावा लागला. त्याचा कॉम्प्रेसर आजही चालू आहे. थर्मोस्टॅट ठीक आहे, दार उघडलं की आतला दिवा लागतो. भोक पडलंय ते फ्रीझर बॉक्सला. त्या मापाचा दुसरा बॉक्स आम्हाला मिळाला नाही. तो कुठे शिल्लकच नव्हता, असं मात्र नाही. तो कोल्हापुरात होता. निपाणी ते कोल्हापूर अंतर चाळीस किलोमीटर. पण आमचं गाव कर्नाटकात, आणि तुमच्यापैकी एका कंपनीच्या नियमाप्रमाणे कोल्हापूरच्या वितरकाने कर्नाटकातल्या गिऱ्हाइकाला सुटा भाग विकायचा नाही. एवढ्या कारणापायी दुरुस्त होण्याजोगा फ्रिज भंगारात काढायची वेळ आमच्यावर आली. हे मुकाट्याने सोसायचं मला पटत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहे.

कंपनीचं नाव मी मुद्दाम घातलेलं नाही. गल्लीत, नात्यात, महिला मंडळात विषय काढला तेव्हा कुणी वॉशिंग मशीनचं सांगितलं, कुणी मिक्सरचं, कुणी टीव्हीचं, आणि नावं सगळ्याच कंपन्यांची निघाली. म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना.

आधी हा फ्रिज आमच्या घरात काय होता ते सांगते, कारण तुमच्या कागदांत तो फक्त एक बंद झालेला मॉडेल नंबर आहे. त्या वर्षी सासऱ्यांच्या हातात तंबाखूचे पैसे आले होते. थोडे घराच्या कौलांना गेले, थोडे देणेकऱ्यांना, आणि उरलेल्यांतून कोल्हापूरच्या दुकानातून हा फ्रिज आला. आमच्या बाजूला पाच-सहा घरांत मिळून तेवढा एकच फ्रिज होता. त्यामुळे तो आमच्या एकट्यांचा कधीच नव्हता. कुणाच्या म्हशीचा चीक खरवसासाठी आमच्याकडे ठेवलेला असे, कुणाच्या लग्नाचे हार आदल्या रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून खालच्या कप्प्यात असत, उरुसाला पाहुणे आले की बर्फाच्या ट्रेसाठी पोरं दारात उभी. सासूबाईंनी एक कप्पा सगळ्यांसाठी मोकळा ठेवायचा असा दंडक घालून दिला होता आणि तो शेवटपर्यंत पाळला गेला.

मग सासऱ्यांना साखर निघाली आणि इन्शुलिन सुरू झालं. इन्शुलिनच्या न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या, गोठू द्यायच्या नाहीत, उन्हाळ्यात बाहेर ठेवायच्या नाहीत. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये लाईट गेली की तासन्‌तास जाते. तेव्हा दार उघडायचं नाही अशी घरात सक्त ताकीद असे, आणि हा फ्रिज एवढा घट्ट मिटायचा की आतली थंडी धरून ठेवायचा. फ्रिजच्या दुरुस्तीचा प्रश्न माझ्यासाठी चैनीचा नाही, तो का नाही हे यावरून लक्षात यावं.

इतकी वर्षं हा फ्रिज चालला तो आमच्या गावातल्या एका मेस्त्रींच्या हाताने. रिले गेला, बदलला. ओव्हरलोड गेला, बदलला. थर्मोस्टॅट एकदा बदलला. दाराचं रबर सैल झालं का हे ते कसं बघायचे ते मला अजून डोळ्यांसमोर आहे. वर्तमानपत्राची पट्टी फाडून दारात धरायची, दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज सुटून आली की तिथे रबर धरत नाही. मग गरम पाण्यात फडकं भिजवून तेवढ्याच जागी रबर शेकायचे, बोटांनी ओढून पूर्वीच्या घडीवर आणायचे, आणि पट्टी पुन्हा चारी बाजूंनी फिरवून बघायचे. मागच्या काळ्या जाळीवर तळहात ठेवला की कोमट लागते का, खालून वरपर्यंत सारखी लागते का, यावरून गॅस किती उरला याचा अंदाज सांगायचे. यातल्या कशालाही कंपनीच्या माणसाची गरज पडली नाही, कारण फ्रिज तसाच बनवलेला होता. स्क्रू दिसत होते, पाइप दिसत होते, जाळी बाहेर होती.

फ्रीझर बॉक्स म्हणजे ॲल्युमिनियमचे दोन पत्रे एकजीव करून, मधल्या वाटा दाबाने फुगवून त्यांच्या नळ्या केलेल्या असतात. वर्षानुवर्षं ओल आणि मीठ-आंबट लागून पत्र्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडतं. साबणाचा फेस लावल्यावर एका जागी बुडबुडे यायला लागले तेव्हा मेस्त्रींनी मला बोलावून दाखवलं. तांब्याच्या पाइपला झाळ बसतो, पण एवढ्या पातळ ॲल्युमिनियमला नीट बसत नाही, म्हणून त्यांनी चिकटवायचं औषध लावून भोक बुजवलं आणि गॅस भरला. काही महिने चाललं. मग शेजारीच दुसरं भोक. मेस्त्री म्हणाले, "वहिनी, मशीन दणकट हाय. ह्यो डबा तेवढा नवा आणा, मग धा वर्सं बगाय नको."

तो डबा आणायला आम्ही निघालो आणि तिथून तुमच्याशी गाठ पडली. आता तक्रारी मांडते.

पहिली आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी तक्रार हद्दीची. फोन लावला की पिनकोड विचारतात. आमचा पिनकोड ५९१ ने सुरू होतो, म्हणजे कर्नाटक, म्हणजे आमचं केंद्र हुबळी. निपाणीहून हुबळी कोल्हापूरच्या चौपट लांब. हुबळीहून उत्तर आलं की मॉडेल जुनं आहे, भाग येत नाही, नवीन घ्या. इकडे कोल्हापूरच्या वितरकाकडे चौकशी केली तर गोदामात त्याच मॉडेलचा एक बॉक्स शिल्लक होता. त्या माणसाने चांगुलपणाने पुठ्ठ्यावरचा नंबरही वाचून दाखवला. पण बिल करता येणार नाही, कारण कॉम्प्युटर आमचा पिनकोड घेत नाही. महाराष्ट्रात, कागलला माझी नणंद असते. तिच्या पत्त्यावर बिल करा म्हटलं, तर फ्रिज त्या पत्त्यावर आहे का हे बघायला माणूस येणार. हुबळीने कोल्हापूरकडून मागवून घ्यावा म्हटलं, तर दोन्ही केंद्रं वेगवेगळ्या विभागीय कार्यालयांच्या हाताखाली, आणि एका विभागाचा माल दुसऱ्याकडे द्यायला वरून मंजुरी लागते. ती मंजुरी येईपर्यंत न विकला गेलेला जुना माल म्हणून तो बॉक्स कंपनीकडे परत गेला.

विचार करा. फ्रिज कोल्हापुरात विकला तेव्हा निपाणीचा पत्ता चालला. दुकानदाराने टेम्पोत घालून घरपोच पाठवला तेव्हा वाटेत कोगनोळीला राज्याची हद्द लागते याची कुणाला अडचण वाटली नाही. पैसे घेताना हद्द नव्हती. सुटा भाग द्यायची वेळ आल्यावर ती कुठून आली? १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा राज्यांच्या सीमेवर माल अडायचे दिवस संपले, असं आम्हा सीमेवरच्या लोकांना सांगितलं गेलं. सरकारने त्याच्या बाजूने ती अडचण काढली. तुमच्या कॉम्प्युटरमधली रेघ मात्र जशीच्या तशी आहे, आणि ती कुठल्याही कायद्याने आखलेली नाही, तुम्हीच आखलेली आहे.

आमच्या भागाचं रोजचं जगणं तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. निपाणी, खानापूर, बेळगाव, चिकोडी इकडची माणसं दवाखान्याला कोल्हापूर-मिरजेला जातात, सोयरीक आजरा-गडहिंग्लज-चंदगडला करतात, बाजाराला जिथे सोयीचं पडेल तिथे जातात. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दोन्ही. राज्याच्या सीमेचा वाद मोठा आहे, त्यावर बोलणारी मोठी माणसं आहेत, आणि हे पत्र त्याबद्दल नाही. माझं म्हणणं एवढंच की चाळीस किलोमीटरवर पडून असलेला पत्र्याचा डबा मिळायला तो वाद सुटायची वाट बघावी लागू नये. आणि ही गत काही आमचीच नाही. बिदर-भालकीकडची माणसं उदगीर-लातूरला जातात, कारवारची गोव्याला. जिथे जिथे दोन राज्यं भेटतात तिथल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तुम्ही लांबच्या दारात उभं करता.

दुसरी तक्रार. एखाद्या मॉडेलचे भाग किती वर्षं मिळतील हे विकताना कुणीही सांगत नाही. दुकानात स्टार किती, लिटर किती, हप्ता किती हे सगळं लिहिलेलं असतं. भाग किती वर्षं मिळतील हे कुठेच नसतं. असं सांगणं अशक्य आहे असं म्हणू नका. युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून नियम लागू आहे. फ्रिजचा थर्मोस्टॅट, तापमानाचे सेन्सर, सर्किट बोर्ड आणि दिवे त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान ७ वर्षं मिळालेच पाहिजेत, दाराचं रबर किमान १० वर्षं, आणि मागणी नोंदवल्यापासून १५ कामाच्या दिवसांत भाग पोचला पाहिजे. तुमच्यापैकी काही कंपन्या तिकडेही फ्रिज विकतात आणि हा नियम पाळतात. माझा फ्रिज २००१ चा, त्याला त्या नियमाचाही आधार मिळाला नसता हे मला कळतं. पण तिकडच्या गिऱ्हाइकाला आधीच मुदत माहीत असते. आमच्या सासऱ्यांनी तंबाखूचे पैसे मोजले तेव्हा त्यांना काय माहीत होतं? आणि आज नवीन फ्रिज घेताना मला तरी काय माहीत आहे?

तिसरी तक्रार नव्या फ्रिजांच्या बांधणीची. इन्शुलिनमुळे थांबता येत नव्हतं, शेजारच्या फ्रिजवर किती दिवस भार टाकणार, म्हणून आम्ही नवीन फ्रिज घेतला. मेस्त्रींनी तो चारी बाजूंनी बघितला आणि मागे जाळी नाही हे दाखवलं. ती कॉइल आता भिंतीच्या आत, फोममध्ये पुरलेली असते. म्हणूनच नव्या फ्रिजच्या कडा हाताला गरम लागतात. दिसायला छान, मागे धूळ साचत नाही. पण उद्या त्या आतल्या कॉइलला गळती लागली तर फोम फोडल्याशिवाय तिथे पोचता येत नाही. कंपनीचा माणूस 'बॉडीत लीकेज' असं लिहून मोकळा होतो. गावातले हुशार मेस्त्री आतली कॉइल सोडून देतात आणि बाहेरून नवी जाळी जोडून तोच फ्रिज चालू करतात. म्हणजे जी सोय तुम्ही काढून टाकली तीच ते आपल्या अकलेने परत बसवतात. शिवाय आता आत सर्किट बोर्ड. त्यावर लाखेसारखा थर ओतलेला, त्यामुळे आतला एक छोटा भाग गेला तरी अख्खा बोर्ड घ्यायचा, आणि तोही तुमच्याकडूनच.

नवे फ्रिज वीज कमी खातात, हे मला मान्य आहे. त्यातला आर-६००ए गॅस जुन्या गॅसपेक्षा हवेला पुष्कळ कमी बाधतो, हेही चांगलंच झालं. ही सुधारणा मागे घ्या असं कुणी म्हणत नाही. पण वीज वाचवणारा फ्रिज सहा-सात वर्षांत फेकून द्यावा लागला तर तो बनवायला लागलेलं लोखंड, तांबं, प्लास्टिक आणि वीज कुणाच्या खात्यात धरायची? गॅसचंच घ्या. माझ्या फ्रिजमध्ये आर-१३४ए होता. हा गॅस हवेत गेला की वजनाला वजन धरून कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता धरतो. नवा बॉक्स मिळाला असता तर गॅस एकदाच भरला असता आणि आतच राहिला असता. बॉक्स मिळाला नाही म्हणून भोक बुजवा, गॅस भरा, गळला की परत भरा, हे चक्र चाललं आणि तो सगळा गॅस निपाणीच्या हवेत गेला. सुटा भाग न देण्यातून पर्यावरणाचं हे असं नुकसान होतं. तुमच्या जाहिरातींत हिरवं पान असतं. ते पान खरं ठरवायचं असेल तर सुट्या भागांच्या गोदामापासून सुरुवात करा.

वॉरंटीचंही एकदा स्पष्ट बोललं पाहिजे. 'कॉम्प्रेसरवर १० वर्षं' हे मोठ्या अक्षरांत असतं. बाकीच्या फ्रिजवर बहुधा एकच वर्ष, आणि कॉम्प्रेसर बदलून मिळाला तरी गॅस आणि मजुरी आपली. ज्या भागाला सहसा काही होत नाही त्याची दहा वर्षांची हमी आणि जे भाग हटकून जातात, रबर, बोर्ड, सेन्सर, कॉइल, त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. हे गिऱ्हाइकाशी सरळ वागणं नव्हे.

भाषेबद्दल थोडक्यात. फ्रिजबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजी आणि हिंदीत आहे. आमच्या सासूबाई मराठी वाचतात, शेजारच्या अक्का कन्नड वाचतात, आणि दोघींच्याही घरी फ्रिज त्याच सांभाळतात. सरकारची १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन १७ भाषांत चालते, त्यांत मराठीही आहे आणि कन्नडही. सरकारला जमतं ते तुम्हाला न जमायला काय झालं? बेळगाव जिल्ह्यात विकल्या जाणाऱ्या वस्तूसोबत दोन्ही भाषांतलं पुस्तक द्या, आणि फोनवर पिनकोडवरून भाषा ठरवू नका, माणसाला विचारा.

आता शेवटची तक्रार, जी या फ्रिजला निरोप देताना माझ्या फार जिव्हारी लागली. नवीन फ्रिज घेताना दुकानात 'एक्सचेंज' होतं. मी विचारलं, जुना फ्रिज घेऊन तुम्ही कुठे देता? उत्तर आलं, "भंगारवाला नेतो." भंगारवाला काय करतो ते आम्ही रस्त्यावर बघतो. कॉम्प्रेसरचा पाइप कापतो, आत असेल तो गॅस फस्सकन सोडून देतो, तांबं आणि लोखंड काढून घेतो आणि पिवळा फोम गावाबाहेर पडून राहतो किंवा पेटवला जातो. त्या काळच्या फोममध्येही हवेला घातक वायू भरलेले असत. जी माणसं हे काम करतात त्यांच्या अंगावर ना हातमोजे, ना तोंडाला काही. त्यांच्यावर माझा राग नाही. ती पोटासाठी करतात.

राग आहे तो याचा की कायद्याने हे काम तुमचं आहे. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. फ्रिज त्या यादीत आहे. उत्पादकाने बाजारात आणलेल्या मालाच्या हिशेबाने ठरलेला वाटा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडून मोडून घेतला पाहिजे. पहिली दोन वर्षं ६० टक्के, २०२५-२६ पासून ७० टक्के, २०२७-२८ पासून ८० टक्के, असे आकडे नियमात आहेत. तुम्ही कागदावर हे आकडे पूर्ण करत असाल. पण आमच्या तालुक्याच्या गावात, जिथे तुमच्या शोरूमच्या पाट्या आहेत, तिथे जुना फ्रिज नेऊन द्यायची एकही जागा मला कुणी दाखवू शकलं नाही. इतकी वर्षं ज्याने घरातल्या माणसाचं औषध सांभाळलं त्याचा पाइप रस्त्यात कापला जावा, हे मला मंजूर नाही. म्हणून मी एक्सचेंजचे पैसे सोडले आणि फ्रिज परत घरी आणला. सध्या तो मागच्या पडवीत आहे.

आता मागण्या. यातली एकही अशी नाही की जी करायला तुम्हाला नवा शोध लावावा लागेल.

सुट्या भागांच्या विक्रीतून राज्याची हद्द काढून टाका. गिऱ्हाइकाला जवळच्या कुठल्याही केंद्रातून भाग घेता आला पाहिजे, आणि कुठल्या गोदामात काय शिल्लक आहे हे गिऱ्हाइकाला आणि मेस्त्रीला स्वतः बघता आलं पाहिजे.

प्रत्येक मॉडेलचे भाग कमीत कमी किती वर्षं मिळतील हे खोक्यावर छापा. मॉडेल बंद झाल्यापासून दहा वर्षं ही मुदत मला रास्त वाटते. फ्रिज वीसवीस वर्षं चालतात हे तुम्हालाही माहीत आहे. मुख्य भागांच्या किमती विक्रीच्या वेळीच जाहीर करा.

एखादा भाग बनवणं बंद करायचं असेल तर त्याची मापं आणि ड्रॉइंग खुली करा. बेळगावच्या उद्यमबागेत, कोल्हापूरच्या शिरोलीत, गोकुळ शिरगावात लांबलांबच्या कारखान्यांना लागणारे भाग ओतले आणि कातले जातात. सुटा भाग कसा बनवतात हे आमच्या भागाला शिकवावं लागत नाही. तुम्हाला परवडत नसेल तर ज्याला परवडेल तो बनवील. मात्र माप अडवून धरू नका.

गावातल्या मेस्त्रींना सर्किटचे नकाशे, दुरुस्तीची पुस्तकं आणि खरे भाग विकत मिळू द्या. आर-६००ए पेट घेणारा गॅस आहे, तो हाताळायचं शिक्षण त्यांना तालुक्याच्या ठिकाणी द्या. दुरुस्ती ते करणारच आहेत. ती सुरक्षितपणे व्हावी हे पाहणं तुमची जबाबदारी आहे.

आणि प्रत्येक तालुक्याच्या गावात जुनं उपकरण घेण्याची एक तरी जागा नेमा, जिथून ते नोंदणीकृत ठिकाणीच जाईल आणि तशी पावती मिळेल.

ग्राहक व्यवहार विभागालाही दोन शब्द. २४ डिसेंबर २०२२ ला आपण 'राइट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलंत, त्यात घरगुती उपकरणांचा वेगळा विभाग ठेवलात. वस्तू दुरुस्त करायला किती सोपी हे गुणांनी सांगणाऱ्या दुरुस्ती निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीचा अहवालही २०२५ च्या मे महिन्यात आपल्याकडे आला. ही दिशा बरोबर आहे आणि त्याबद्दल मी आभार मानते. पण पोर्टलवर कंपनीचा फोन नंबर आणि पत्ता असणं म्हणजे भाग मिळणं नव्हे. फ्रिजवर स्टार लेबल लावायची सक्ती केली तेव्हा लोक वीज बघून फ्रिज घ्यायला लागले. तसंच दुरुस्तीचं लेबल फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर सगळ्यांवर सक्तीचं करा, आणि त्याच्या गुणांमध्ये भाग किती अंतरावर आणि किती दिवसांत मिळतो हे मोजा. ते मोजताना निपाणी, खानापूर, भालकीसारख्या सीमेवरच्या गावांचे पिनकोड टाकून बघा. दिल्ली-बेंगळुरूचे टाकलेत तर सगळ्यांनाच चांगले गुण मिळतील.

आमचा जुना फ्रिज मी पुसून, दार थोडं उघडं राहील असं बांधून ठेवला आहे, म्हणजे खेळता खेळता एखादं पोर आत जाऊन अडकायचं नाही. फ्रीझर बॉक्स अजूनही मिळत असेल तर आम्ही पूर्ण किंमत देऊन घ्यायला तयार आहोत. मेस्त्री बसवून देतील आणि तो फ्रिज गल्लीतल्या दुसऱ्या घरी जाईल, त्यांनी तसं सांगून ठेवलं आहे. मिळत नसेल तर नोंदणीकृत मोडणाऱ्याचा पत्ता कळवा. टेम्पोचं भाडं आम्ही भरू. उत्तर मराठीत किंवा कन्नडमध्ये, कसंही चालेल, पण लेखी द्या, आणि जसं हे पत्र सगळ्यांसमोर आहे तसं उत्तरही सगळ्यांसमोर द्या.

आपली विश्वासू,
निपाणीतील एक गृहिणी
(ता. निपाणी, जि. बेळगाव)